विझलेल्या भट्टीची धग



आजचा विषय छोट्या अणुभट्ट्यांचा आहे. पण सुरुवात मी त्यांच्या विजेपासून करणार नाही, त्यांच्या किमतीपासूनही नाही. भट्टी बंद केल्यानंतर काय होते, तिथून करतो. कुकरखालचा गॅस बंद केला की आपण निश्चिंत होतो. वाफ जिरायला दहा मिनिटे लागतात, एवढेच. अणुभट्टीचे तसे नाही. नियंत्रक कांड्या गाभ्यात घातल्या की युरेनियमचे विखंडन काही सेकंदांत थांबते, हे खरे. पण तोवर फुटलेल्या अणूंचे जे तुकडे इंधनात साठलेले असतात ते किरणोत्सर्गी असतात, आणि त्यांचा ऱ्हास कुणाच्या सांगण्याने थांबत नाही. म्हणजे इथे गॅस बंद होतच नाही, फक्त बारीक होतो. बंद केल्याक्षणी पूर्ण शक्तीच्या सुमारे सात टक्के उष्णता तयार होत असते, तासाभराने दीड टक्का, दिवसानंतर साधारण अर्धा टक्का. अर्धा टक्का ऐकायला किरकोळ वाटतो. पण हजार मेगावॅट वीज देणाऱ्या भट्टीची उष्णता तीन हजार मेगावॅट असते, आणि तिचा अर्धा टक्का म्हणजे पंधरा मेगावॅट. ही उष्णता नुसते पाणी उकळवून घालवायची म्हटली तर दिवसाला सुमारे पाच लाख लिटर पाणी लागेल. आपल्या परिचयाच्या मापात सांगायचे तर दहा हजार लिटरचे पन्नास टँकर. आणि तेही भट्टी 'बंद' असताना.

अणुऊर्जेच्या इतिहासातले मोठे अपघात काढून पाहा. अमेरिकेतले थ्री माइल आयलंड, 1979. जपानमधले फुकुशिमा, 2011. दोन्ही ठिकाणी भट्ट्या वेळेवर बंद झाल्या होत्या. विखंडन थांबले होते. गाभा वितळला तो या मागे उरलेल्या धगीने. चेर्नोबिलची गोष्ट वेगळी, तिथे शक्तीच हाताबाहेर गेली. पण बाकीच्या दोन ठिकाणी प्रश्न एकच होता: धग बाहेर कशी काढायची? म्हणून छोट्या अणुभट्टीविषयी पहिला प्रश्न विचारायचा तो हाच. ती वीज किती देते, हे नंतर. पंप बंद पडले, वीज गेली, माणसे घाबरली, तर ती आपली आपण थंड होते का?

'छोटी' म्हणजे किती, तेही सांगून टाकतो. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था तीनशे मेगावॅटपर्यंतच्या भट्टीला छोटी म्हणते. 'मॉड्युलर' म्हणजे कारखान्यात भाग तयार करून जागेवर जोडायची. अमेरिकेतल्या नुस्केल कंपनीचा संच 77 मेगावॅटचा आहे, त्याची उष्णता अडीचशे मेगावॅट. मघाचे टँकरचे गणित त्याला लावले तर पन्नासाऐवजी चार टँकर पुरतात. इथे एखादा चौकस श्रोता मनात म्हणत असेल, यात विशेष ते काय? वीजही तेराव्या हिश्शाचीच मिळते. हजार मेगावॅटसाठी असे तेरा संच लावले की पुन्हा पन्नास टँकर आलेच. हा आक्षेप बरोबर आहे, आणि छोट्या भट्ट्यांचे पुष्कळ प्रचारक तो टाळतात. एकूण धग तितकीच राहते. बदलते ते कातडे. कपातला गरम चहा आपण बशीत का ओततो? चहा तितकाच असतो, पण हवेला मिळणारा पृष्ठभाग वाढतो. एका मोठ्या पातेल्याऐवजी निम्म्या उंचीची आणि निम्म्या रुंदीची आठ पातेली केली तर आमटी तितकीच राहते आणि पृष्ठभाग दुप्पट होतो. घनफळ घनाने वाढते, पृष्ठभाग वर्गाने. मोठ्या गाभ्याच्या मध्यावरची उष्णता बाहेर यायला वाट लांब आणि दार लहान. छोट्या गाभ्याची वाट आखूड असते. या भट्ट्यांचे सगळे मर्म एवढ्या भूमितीत आहे. आणि त्यांच्या सगळ्या अडचणीही तिथेच आहेत, त्या पुढे येतील.

आता पाणी फिरवायचे कसे? आपल्याकडे इमारतींच्या गच्च्यांवर सोलर बंब असतात. त्यांची टाकी नेहमी तापणाऱ्या नळ्यांच्या वर बसवलेली दिसेल. गरम पाणी हलके, ते वर चढते. गार पाणी जड, ते खाली उतरते. पंपाशिवाय चक्र चालू राहते. टाकी नळ्यांच्या खाली ठेवा, चक्र थांबेल. नुस्केलच्या रचनेत नेमके हेच आहे. सुमारे वीस मीटर उंच आणि तीन मीटरहून कमी रुंद असे एक पोलादी भांडे, तळाशी गाभा, वरच्या बाजूला वाफजनित्र, आणि पाणी फिरवायला एकही पंप नाही. रोजच्या कामातसुद्धा नाही. हे सगळे भांडे दुसऱ्या पोलादी कवचात, आणि कवच जमिनीखालच्या पाण्याच्या हौदात बुडवलेले. वीज गेली तर धग भिंतीतून हौदात उतरते. भारतातही हा विचार जुना आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राने आखलेल्या प्रगत जड पाणी भट्टीत, म्हणजे 300 मेगावॅटच्याच रचनेत, गाभ्याचे पाणी पंपाविना फिरणार होते आणि माथ्यावर आठ हजार घनमीटरचा हौद होता. आठशे टँकर आधीच डोक्यावर भरून ठेवलेले! ती भट्टी अजून कागदावरून जमिनीवर उतरलेली नाही, ही आपल्या अणुकार्यक्रमातली खंत वाटावी अशी गोष्ट आहे.

पण पंपाविना फिरणारे पाणी भारतात प्रत्यक्ष उपयोगी पडल्याचा दाखला आहे, आणि तो एका छोट्या भट्टीचाच आहे. उत्तर प्रदेशातले नरोरा, 31 मार्च 1993 ची पहाट. 220 मेगावॅटच्या पहिल्या संचात टर्बाइनची दोन पाती धातू थकल्यामुळे तुटली. प्रचंड वेगाने फिरणारा दांडा असंतुलित होऊन हादरू लागला, जनित्र थंड ठेवणारा हायड्रोजन बाहेर पडून पेटला, पाठोपाठ तेल पेटले आणि आग केबलींच्या वाटेने पसरली. मुख्य आणि पर्यायी अशा दोन्ही वीजपुरवठ्यांच्या केबली जवळजवळ टाकलेल्या असल्याने दोन्ही जळाल्या. धूर नियंत्रण कक्षात शिरला आणि माणसांना तो सोडावा लागला. भट्टी पहिल्या मिनिटातच बंद केली होती. पण नंतरचे सुमारे सतरा तास केंद्रात विजेचा पुरवठा नव्हता. गाभ्यातले पाणी फिरवणारे पंप थांबलेले. मग गाभा वाचला कसा? वाफजनित्रे गाभ्याहून उंचावर होती, सोलर बंबाच्या टाकीसारखी. गाभ्यात तापलेले जड पाणी आपोआप वर चढत राहिले. आणि त्या वाफजनित्रांत बाहेरून पाणी सोडायला आग विझवण्यासाठी ठेवलेले डिझेल पंप कामी आले. विखंडन पुन्हा डोके वर काढू नये म्हणून ऑपरेटरांनी विजेऱ्यांच्या उजेडात वर चढून हाताने व्हॉल्व्ह उघडले आणि बोरॉनचे द्रावण गाभ्याकडे सोडले. किरणोत्सार बाहेर गेला नाही. नरोराची गोष्ट आपल्याकडे फार सांगितली जात नाही. सांगितली तर लोक घाबरतील असे कुणाला वाटत असावे. मला वाटते उलट. त्या पहाटे काय आपोआप घडले आणि काय माणसांना करावे लागले, ही विभागणी छोट्या भट्ट्यांच्या चर्चेत सगळ्यात जास्त शिकवणारी आहे. पाणी आपोआप फिरले. पण वाफजनित्रात पाणी ओतणारा पंप माणसांनी चालू केला, आणि व्हॉल्व्ह माणसांनी उघडले.

पाण्याखेरीज आणखी शीतके आहेत, त्यांचा फेरफटका भरभर मारतो. सोडियम वितळते 98 अंशांना आणि उकळते 883 ला. त्यामुळे ते भट्टीत उकळत नाही, दाबही लागत नाही, उष्णता फार वेगाने वाहून नेते. अमेरिकेत आयडाहो इथे 3 एप्रिल 1986 रोजी ईबीआर-दोन नावाच्या छोट्या सोडियम भट्टीत पूर्ण शक्तीवर असताना पंप मुद्दाम बंद केले, आणि भट्टी आपोआप बंद करणारी यंत्रणाही काढून ठेवली. गाभा तापून प्रसरण पावला, न्यूट्रॉन बाहेर निसटू लागले आणि भट्टी स्वतःच मंदावली. त्यानंतर तेवीस दिवसांनी चेर्नोबिल झाले, आणि आयडाहोची बातमी जगाच्या कानावर गेलीच नाही. सोडियमची दुसरी बाजू म्हणजे ते हवेत पेटते आणि पाण्याशी भांडते; जपानच्या मोंजू भट्टीत 1995 मध्ये एका तापमापकाच्या नळीपाशी गळती होऊन आग लागली आणि ती भट्टी पुन्हा नीट उभी राहिली नाही. शिशाला आग लागत नाही, पण ते गोठते. सोव्हिएत नौदलाच्या पाणबुड्यांत शिसे-बिस्मथचे मिश्रण होते, ते सव्वाशे अंशांखाली घट्ट होई; म्हणून पाणबुडी बंदरात उभी असतानाही त्याला बाहेरून ऊब द्यावी लागे. थंड करणारा पदार्थच थंड होऊ द्यायचा नाही, अशी ही गंमत! वितळलेल्या क्षारांचे गुण-दोषही याच जातीचे, गोठणे आणि गंजवणे.

हीलियमपाशी मात्र थोडे थांबावे लागेल, कारण तिथे पुरावा ताजा आहे. चीनमध्ये शानडोंग प्रांतात शिदाओवान इथे दोन छोट्या हीलियम भट्ट्या मिळून 210 मेगावॅटचे एक टर्बाइन चालवतात. इंधन कांड्यांत नाही, सहा सेंटिमीटर व्यासाच्या ग्रॅफाइटच्या गोळ्यांत आहे. टेनिसच्या चेंडूहून किंचित लहान असा एक काळा गोळा, त्यात सुमारे सात ग्रॅम युरेनियम, आणि ते युरेनियमही हजारो बारीक कणांत वाटलेले, प्रत्येक कणाला कार्बन आणि सिलिकॉन कार्बाइडचे थर. बडीशेपेच्या दाण्यांना साखरेचे पुट द्यावे तसे. हे कण सोळाशे अंशांपर्यंत किरणोत्सर्गी द्रव्य धरून ठेवतात. 2023 च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये या दोन्ही भट्ट्या चालू असताना हीलियम फिरवणारे पंखे बंद करून पाहिले. कुठलेही आपत्कालीन पाणी सोडले नाही. धग गोळ्यांतून ग्रॅफाइटमध्ये, तिथून पोलादी भांड्यात, आणि भांड्यातून बाहेर निघून गेली. व्यापारी वापरातल्या भट्टीवर केलेला हा प्रयोग आहे, म्हणून त्याचे मोल मोठे. पण तो का जमला? कारण प्रत्येक भट्टी मुद्दाम अडीचशे मेगावॅट उष्णतेपुरती लहान ठेवली होती. हीच भट्टी दहापट मोठी केली असती तर मधली धग भिंतीपर्यंत पोचण्याआधी इंधन तापून गेले असते.

आता आक्षेप. पहिला आक्षेप असा की 'आपोआप' हा शब्द फसवा आहे. हा आक्षेप मला मान्य आहे, आणि त्याचा पुरावा फुकुशिमातच सापडतो. तिथला एक क्रमांकाचा संच 460 मेगावॅटचा, अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकच्या रचनेचा. आपल्या तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्याही त्याच घराण्यातल्या. त्या संचाला पंपाविना चालणारा शीतक होता. भट्टीची वाफ उंचावरच्या टाकीतल्या नळ्यांतून जाई, थंड होऊन पाणी बने आणि उताराने परत येई. अगदी आजच्या छोट्या भट्ट्यांत सांगतात तसेच. भूकंपानंतर तो आपोआप सुरूही झाला. पण भट्टी फार वेगाने थंड होऊ नये म्हणून ऑपरेटर तो मधूनमधून बंद करत होते, आणि त्सुनामी आली तेव्हा तो बंद होता. त्यातच नियंत्रणाची वीज गेली की नळ फुटला असावा असे समजून व्हॉल्व्ह मिटवायचे, अशी त्याची शिस्त होती. तसे ते मिटले. शीतक चालू आहे की बंद, हेच केंद्रातल्या वरिष्ठांना कित्येक तास नीट कळले नाही. टाकीत पाणी शिल्लक राहिले आणि त्याच रात्री गाभा वितळला. गुरुत्वाकर्षण कधी रजेवर जात नाही. पण गुरुत्वाकर्षणाच्या वाटेत एक व्हॉल्व्ह असतो, आणि तो व्हॉल्व्ह वीज गेल्यावर कुठल्या बाजूला कलतो हे कुणीतरी टेबलावर बसून ठरवलेले असते. म्हणून 'पंप नाही' एवढ्यावर समाधान मानू नये. वाटेत व्हॉल्व्ह किती, ते वीज जाताच उघडतात की मिटतात, आणि ते उघडे आहेत हे अंधारात कळणार कसे, हे विचारावे. शिदाओवानच्या भट्टीचे सामर्थ्य हे की धगीच्या वाटेत व्हॉल्व्हच नाही, नुसती भिंत आहे. शिवाय आपोआप थंड होण्याचा मक्ता छोट्यांकडेच आहे असेही नाही. अमेरिकेत जॉर्जियात 2023 आणि 2024 मध्ये सुरू झालेल्या अकराशे मेगावॅटच्या भट्ट्याही तीन दिवस माणसाच्या हाताविना तग धरतील अशा रचल्या आहेत. आणि एका आवारात बारा छोटे संच मांडले तर एकाचे दुखणे दुसऱ्याला लागू नये याची वेगळी तजवीज लागते. फुकुशिमातल्या चौथ्या संचाच्या इमारतीत स्फोट झाला तो तिसऱ्या संचातून सामायिक नळाने आलेल्या हायड्रोजनचा.

दुसरा आक्षेप पैशाचा, आणि तो जास्त जड आहे. यंत्राचा आकार दुप्पट केला तर खर्च दुप्पट होत नाही, साधारण दीडपट होतो, असा अभियंत्यांचा जुना ठोकताळा आहे. उलट वाचा: आकार निम्मा केला तरी खर्च निम्मा होत नाही. आपण स्वतः या वाटेने गेलो आहोत. 220 मेगावॅटच्या भट्ट्या राजस्थानात, नरोऱ्याला, काक्रापारला, कैग्याला उभ्या केल्या. मग तारापूरला 540, आणि आता 700. कुणी मोठेपणाच्या हौसेने हे केले नाही, हिशेबाने केले. कारखान्यात एकासारखे एक पन्नास संच काढले की किंमत उतरेल, असे उत्तर यावर मिळते. उतरेलही. पण पन्नासावा स्वस्त मिळण्यासाठी आधीचे महाग कुणी घ्यायचे? नुस्केलचा आयडाहोतला प्रकल्प याच प्रश्नावर मोडला. ठरलेला दर मेगावॅट-तासाला 58 डॉलरवरून 89 वर गेला, तोही सरकारी अनुदान धरून, आणि नोव्हेंबर 2023 मध्ये प्रकल्प गुंडाळला गेला. कॅनडात डार्लिंग्टनला तीनशे मेगावॅटच्या चार भट्ट्यांना 20.9 अब्ज कॅनेडियन डॉलर मंजूर झाले. म्हणजे मेगावॅटला पावणेदोन कोटी डॉलर, रुपयांत शंभर कोटींच्या पुढे. आपल्या सातशेच्या दहा भट्ट्यांना 2017 मध्ये मेगावॅटला पंधरा कोटी रुपये धरले होते. तुलना सरळ नाही; तिथली मजुरी वेगळी, त्या आकड्यात व्याज आणि भाववाढ आहे. पण एवढी मोठी दरी केवळ मजुरीने भरत नाही. छोटी म्हणजे झटपट, हेही खरे नाही. शिदाओवानचे काम 2012 च्या अखेरीस सुरू झाले आणि व्यापारी वीज 2023 च्या अखेरीस आली. रशियाची तरंगती भट्टी, पस्तीस-पस्तीस मेगावॅटचे दोन संच, 2007 मध्ये सुरू होऊन 2019 च्या डिसेंबरात पेवेक बंदरात वीज देऊ लागली.

आणि तिसरी गोष्ट पुन्हा त्याच भूमितीची. ज्या कातड्यातून धग सहज निसटते त्यातूनच न्यूट्रॉनही निसटतात. आयडाहोत त्या निसटण्याने भट्टी वाचवली. रोजच्या कामात तेच नुकसान असते. निसटलेला न्यूट्रॉन विखंडन करत नाही. म्हणून इंधन जास्त समृद्ध करावे लागते, ते पुरते जळत नाही, आणि तेवढ्याच विजेमागे वापरलेले इंधन जास्त उरू शकते. बशीतला चहा लवकर निवतो, तसा लवकर सांडतोही.

इथवर गाभा थंड करण्याविषयी बोललो. पण प्रत्येक औष्णिक केंद्राला थंडाव्याची दुसरी गरज असते, आणि जाहिरातीत ती कधी दिसत नाही. पाण्याच्या भट्टीत तयार झालेल्या उष्णतेची एक तृतीयांश वीज होते. दोन तृतीयांश कंडेन्सरमधून फेकून द्यावी लागते. इथे भट्टी छोटी की मोठी याने फरक पडत नाही. दोनशे मेगावॅटचा एक संच शीतक मनोऱ्यांवर चालवला तर दिवसाला एक कोटी लिटरहून अधिक पाणी वाफ होऊन जाईल. मघाशी चार टँकरांचे कौतुक केले. हे हजाराहून जास्त झाले, आणि रोजचे. जुन्या कोळसा केंद्रांच्या जागी छोट्या भट्ट्या बसवाव्यात अशी कल्पना आता बोलली जाते. तारा आहेत, जमीन आहे, माणसे आहेत, हे खरे. पण 2013 च्या दुष्काळात परळीचे केंद्र पाणी नाही म्हणून बंद ठेवावे लागले होते, हे मराठवाड्याला सांगायची गरज नाही. तिथे कोळशाऐवजी युरेनियम आणल्याने धरण भरत नाही. हवेने थंड करणारे कंडेन्सर असतात, पण ते महाग आणि उन्हाळ्यात आळशी. हीलियमच्या भट्टीतली वाफ जास्त तापलेली, म्हणून चाळीस टक्क्यांच्या आसपास उष्णता विजेत उतरते आणि फेकायची उष्णता कमी होते. अंतर्गत भागासाठी विचार करायचा तर त्या दिशेने व्हावा.

मग भवितव्य काय? माझे मत असे. मोठ्या केंद्राची स्वस्त आवृत्ती म्हणून छोटी भट्टी टिकणार नाही. त्या स्पर्धेत भूमिती तिच्या विरुद्ध आहे. ती टिकेल तिथे, जिथे फेकून द्यायची ती उष्णताच कुणाला हवी आहे किंवा दुसरा मार्गच महाग आहे: खत, रसायने आणि शुद्धीकरणाचे कारखाने, पोलाद, समुद्राचे पाणी गोडे करणे, किंवा पेवेकसारखी एकाकी बंदरे. उष्णता तारेतून पाठवता येत नाही, भट्टी कारखान्याच्या शेजारीच हवी. आणि वस्तीजवळ, कारखान्याजवळ भट्टी आणायची परवानगी मागायला तिच्याकडे एकच पात्रता आहे, आपोआप थंड होण्याची. थंडाव्याचा गुण किमतीत परत मिळेल तो या वाटेने. भट्टीभोवती मोकळी ठेवायची जागा कमी, आपत्कालीन यंत्रांच्या रांगा कमी, गिऱ्हाईक कुंपणापलीकडे. म्हणून हा गुण आधी सिद्ध व्हावा आणि सवलत नंतर मिळावी. उलट क्रम लावला तर दोन्ही जातील.

आपल्याकडे हा क्रम ठरवण्याची वेळ आली आहे. फेब्रुवारी 2025 च्या अर्थसंकल्पात छोट्या भट्ट्यांच्या संशोधनाला वीस हजार कोटी रुपये ठेवले, 2033 पर्यंत देशी बनावटीच्या किमान पाच चालू करायचे जाहीर केले, आणि त्याच वर्षी डिसेंबरात संसदेने नवा कायदा करून खासगी कंपन्यांना दार उघडले. भाभा केंद्र दोनशे आणि पंचावन्न मेगावॅटच्या भट्ट्यांची आणि हायड्रोजनसाठी एका छोट्या उच्च तापमानाच्या वायुशीतित भट्टीची आखणी करत आहे. पहिले संच तारापूरच्या आवारात उभे करण्याचा विचार आहे; म्हणजे 1969 मध्ये देशाला वीज देऊ लागलेल्या त्या दोन जुन्या भट्ट्यांच्या शेजारी, पालघरच्या किनाऱ्यावर, जिथे कंडेन्सरसाठी समुद्र आहे. त्या पहिल्या संचाकडून माझी मागणी एकच आहे. आयडाहोत आणि शिदाओवानमध्ये केले तसे, भट्टी चालू असताना एके दिवशी तिचे पंप बंद करावेत, आपत्कालीन पाण्याला हात लावू नये, आणि गाभ्याचे तापमान तासातासाला किती होते याचा तक्ता चौथ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात छापावा. मराठीतही छापावा, बोईसर-पालघरचे लोक तो आधी वाचतील.

प्रश्नांसाठी वेळ राखून ठेवायचे कबूल केले आहे, म्हणून इथे थांबतो.